वावर विकायच्या आधी

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितो. घरी साडेपाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. आईचं वय ५६. तिच्या उजव्या टाचेखाली दोन वर्षांपासून काळा डाग होता. काटा मोडून राहिला असेल म्हणून गावातल्या एका म्हातारीनं दोनदा बिब्ब्याचा चटका दिला. त्याची जखम झाली ती भरलीच नाही. पोळ्याच्या वेळी चपलेत रक्त दिसलं तेव्हा यवतमाळला नेलं. तुकडा काढून तपासला. रिपोर्टात ‘अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा, ब्रेस्लो जाडी २.८ मिमी, व्रण आहे’ असं लिहिलंय. जांघेत गाठ लागत नाही, सोनोग्राफीही ठीक आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दसऱ्यानंतरची ऑपरेशनची तारीख दिली आहे. पण काका म्हणतात, हत्यार लागलं की हा रोग पसरतो. पुण्याच्या आतेभावानं बातम्या पाठवल्या, की मेलॅनोमावर लस निघाली, इम्युनोथेरपीनं माणसं दहा-दहा वर्षं जगतात, ऑपरेशन कशाला करता, मुंबईला जा. रस्त्यालगतच्या दोन एकराला गिऱ्हाईक तयार आहे. आई म्हणते, ‘मले मुंबईले नेऊ नका न् वावर इकू नका.’ घरात तिचं ताट-तांब्या वेगळं केलंय, ते बरोबर की चूक तेही कळत नाही. हे उन्हानं झालं की फवारणीनं? काय करू?

उत्तर: भाऊ, ऑपरेशनची तारीख सोडू नका. हे आधीच लिहून टाकते, कारण अर्धं वाचून फोन खिशात टाकायची सवय सगळ्यांनाच आहे. दोन एकराचा इसार घेऊ नका. आणि ताट आज संध्याकाळी परत एकत्र करा. हा आजार शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं होत नाही. पायाला जखम असलेल्या बाईला चुलीपासून दूर बसवलेलं मी खूप घरांत पाहिलंय. दुखण्यापेक्षा तेच तिच्या जिवाला जास्त लागतं.

आता बाकीचं सावकाश.

उन्हाचं म्हणाल, तर तुमच्या आईंनी चाळीस वर्षं उन्हात निंदण केलं म्हणून हे झालेलं नाही. मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो बहुतेक उन्हातल्या अतिनील किरणांमुळे होतो, म्हणून ऑस्ट्रेलियात त्याचा एवढा बोभाटा. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं. आपल्याकडे हा रोग विरळा, आणि झालाच तर बऱ्याचदा तळहातावर, तळपायावर नाहीतर नखाखाली निघतो, जिथं ऊन पोचतही नाही. ‘अ‍ॅक्रल’ हा शब्द हातापायांच्या टोकांसाठीच आहे. राहिली फवारणी. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून कोणतंही दुखणं आलं की बोट पंपाकडे जातं, आणि त्यात लोकांची चूक नाही. पण तळपायाचा मेलॅनोमा फवारणीनं होतो असं म्हणायला भक्कम पुरावा नाही.

मग कशानं होतो? जपानी डॉक्टरांनी २०१६ मध्ये रुग्णांच्या तळपायांवर नेमके कुठे हे डाग निघालेत त्याचा नकाशा मांडला. टाच आणि चवडा, म्हणजे जिथं अंगाचा भार पडतो, तिथं ते जास्त होते. मधल्या खळग्यात कमी. चालून-चालून रोग होतो असा त्याचा अर्थ काढू नका, पण दाबाचा काही संबंध असावा असं दिसतं. दुसरं संशोधन २०२२ चं, अमेरिकेतलं, आणि ते माझ्या फार आवडीचं आहे. झेब्राफिश नावाचा बोटाएवढाही नसलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा, मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याच्यात शास्त्रज्ञांनी माणसाच्या अ‍ॅक्रल मेलॅनोमात सापडणारे जनुकीय बदल घातले, तर गाठी धडावर कमी आणि परांवर जास्त उठल्या. म्हणजे माशाचे जे हातपाय, तिथंच. ‘मी टोकाची पेशी आहे’ ही पेशीची जुनी ओळखच या कॅन्सरला हात देते, असं त्यातून पुढं आलं. थोडक्यात, आईंचं काही चुकलं नाही, तुमचंही नाही.

बिब्ब्याचं मात्र चुकलं, आणि कसं ते सांगते, कारण हे तुमच्या गावातल्या इतरांच्याही कामाचं आहे. तळपायाची कातडी भिंगातून पाहिली तर पेरणीआधीच्या वावरासारखी दिसते, एक सरी, एक वरंबा, परत सरी. त्वचारोगाचे डॉक्टर दिव्याचं भिंग लावून हेच पाहतात. साध्या तिळाचा काळा रंग बहुधा सऱ्यांमध्ये असतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढलेला असतो. ही खूणही जपानी डॉक्टरांनीच पक्की केली, आणि ती इतकी चांगली आहे की पुष्कळदा तुकडा काढायच्या आधीच अंदाज येतो. बिब्ब्यानं काय केलं? सरी-वरंबा दोन्ही जाळून टाकले आणि वर स्वतःचा काळा डाग दिला. आता त्या म्हातारीशी भांडायला जाऊ नका. काटा खरंच मोडला असता तर तिच्या उपायानं कदाचित आरामही पडला असता, आणि मी स्वतः कोणत्या तोंडानं तिला बोलू?

कारण माझ्या हातूनही हे झालंय. १९९० च्या दशकातली गोष्ट. मी एका ग्रामीण दवाखान्यात होते, सकाळी दीडशे माणसांची ओपीडी. एक सालदार आला, पायाच्या अंगठ्याचं नख काळं. म्हणाला, ‘बैलाचा पाय पडला जी.’ मी वर न बघता लिहिलं, नख पडेल, नवीन येईल. दीड वर्षानं तो जांघेत लिंबाएवढ्या गाठी घेऊन आला. तेव्हा नीट पाहिलं, तर काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवरही पसरलेला. ती खूण पहिल्या दिवशीही असणार, मी पाय हातात घेतला असता तर दिसली असती. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकत जातं आणि शेवटी कापून निघतं. रोगाचा पट्टा जागचा हलत नाही, उलट रुंद होतो. आज तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, दर महिन्याला एक फोटो काढला की फरक कळतो. त्या माणसाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि मोठ्या दवाखान्यातही नव्हतं. डाकार्बाझिन नावाची केमो होती, १९७५ पासूनची. शंभरातल्या दहा-वीस जणांच्या गाठी तिनं काही दिवस लहान व्हायच्या, बस. रोग पसरलेले निम्म्याहून जास्त लोक वर्ष पाहत नसत.

म्हणून तुमच्या आतेभावाला मी खोटं म्हणणार नाही. त्यानं पाठवलेल्या बातम्या खऱ्या आहेत, आणि २०११ नंतर या एका रोगात जे घडलं ते पाहायला मिळालं याचं मला अप्रूप आहे.

इम्युनोथेरपी काय करते ते तुम्ही एका वाक्यात समजाल. डवरणीच्या वेळी बैलाला मुसकं घालतात ना, पीक खाऊ नये म्हणून? आपल्या शरीरातल्या राखणदार पेशींनाही निसर्गानं अशी मुसकी दिलेली आहेत, आपलंच अंग खाऊ नये म्हणून. कॅन्सर लबाड असतो, तो नेमकी ती मुसकी आवळतो आणि राखणदारासमोर वाढत राहतो. नवी औषधं मुसकं सोडतात. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो या दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं ते अशी दोन वेगवेगळी मुसकी ओळखल्याबद्दल. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आलं, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. पसरलेल्या मेलॅनोमाच्या ९४५ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब दोन्ही मिळालेल्यांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी जिवंत होते. एकटं निवोलुमॅब मिळालेल्यांत ३७ टक्के, एकटं इपिलिमुमॅब मिळालेल्यांत १९. माझा तो सालदार आठवला की या आकड्यांवर अजूनही विश्वास बसत नाही.

मुसकं सोडलेला बैल तणाबरोबर पीकही खातो, हे मात्र आलंच. आतड्याला सूज येऊन जुलाब, थायरॉईड बिघडणं, लिव्हर, फुप्फुस, अंगावर पुरळ. कधी पुढेमागे आईंना ही औषधं सुरू झाली आणि जुलाब लागले, तर मेडिकलवरून गोळी आणून थांबवायचे नाहीत, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आणखी एक. काहींच्या अंगावर पांढरे डाग येतात, कोडासारखे. आपल्याकडे कोड म्हटलं की सोयरीक मोडते. पण मेलॅनोमाच्या रुग्णात औषध सुरू असताना आलेले ते डाग पुष्कळदा चांगली खूण असतात, राखणदार पेशी रंगाच्या पेशींना ओळखायला लागल्याची.

आता आतेभावाच्या बातमीत जे नसतं ते सांगते. या मोठ्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण गोऱ्या कातडीचे, उन्हानं झालेल्या मेलॅनोमाचे. ऊन पेशीच्या जनुकांत हजारो चुका करून ठेवतं. इतका बदललेला रोग राखणदाराला परका म्हणून पटकन ओळखू येतो. तळपायाच्या रोगात अशा बारीक चुका खूप कमी असतात. तिथं जनुकांचे मोठे तुकडे तुटून इकडचे तिकडे जोडले गेलेले असतात, पण परकेपणाच्या खुणा थोड्याच. निंदायला बसलेल्या बाईला पिकासारखंच दिसणारं तण ओळखता आलं नाही तर विळा काय करील? म्हणून अ‍ॅक्रल मेलॅनोमात हीच औषधं कमी लोकांना लागू पडतात. पडतच नाहीत असं नाही, पण त्या ४३ टक्क्यांवर डोळे ठेवून दोन एकर विकू नका. शिवाय ते आकडे रोग लांबवर पसरलेल्यांचे आहेत. तुमच्या आईंचा तसा पसरल्याचं आजतरी कुठं दिसत नाही.

लसीचं ऐका. ‘लस’ म्हटलं की आपल्याला पोलिओचा डोस आठवतो, रोग होऊ नये म्हणून दिलेला. ही तशी नाही. झालेल्या कॅन्सरची गाठ काढायची, तिची जनुकं वाचायची, त्यातल्या जास्तीत जास्त ३४ खुणा निवडायच्या आणि त्या एका माणसापुरतं एमआरएनएचं इंजेक्शन तयार करायचं. करोनाच्या काही लशींत वापरलं तेच तंत्र. एकासाठी बनवलेलं दुसऱ्याला चालत नाही. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या चाचणीत १५७ रुग्ण होते. पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर ही लस मिळालेल्यांत रोग उलटण्याचा किंवा मरणाचा धोका नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी दिसला, आणि तीन वर्षांच्या आकड्यांत ४९ टक्क्यांनी. फार आशेची गोष्ट आहे. पण १५७ माणसं म्हणजे तुमच्या गावची एक आळी, आणि म्हणूनच मोठी चाचणी हाती घेतली गेली. मुंबईला जाऊन पैसे मोजले की मिळेल अशी ही वस्तू नाही. कोणी ‘मिळवून देतो’ म्हणाला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. डिसेंबर २०२४ मध्ये रशियानं फुकट लस देण्याची घोषणा केली तीही आपल्याकडे फोनाफोनी फिरली. घोषणेनं रोग बरा होत नाही, मोठ्या चाचणीचे आकडे समोर आले की बघू.

आणि ‘ऑपरेशन कशाला’ म्हणणाऱ्या आतेभावाला एवढंच विचारा, की त्या लसीच्या चाचणीत कोणाला घेतलं होतं? ऑपरेशन करून सगळा रोग काढलेल्यांनाच. लस ऑपरेशनच्या नंतरची आहे.

काकांची भीती जुनी आहे आणि मी तिला हसत नाही. त्यांनी बहुधा असं कोणी पाहिलं असेल की ऑपरेशन झालं आणि चार महिन्यांत गेला. पण तो गेला कारण रोग आधीच पुढं गेलेला होता. बायप्सीनं मेलॅनोमा पसरतो का हे तपासून झालंय, तुकडा काढलेल्यांचं त्यामुळे वाईट झालं असं दिसलेलं नाही. नुकसान होतं ते ब्लेडनं घरी कुरतडण्यानं, चुना लावण्यानं, चटक्यानं. तिथं काढलेलं काही तपासायला जात नाही आणि महिने निघून जातात.

आता आईंच्या पायाचं. रिपोर्टातला २.८ मिमी हा आकडा म्हणजे रोग कातडीत किती खोल उतरला ते. मेलॅनोमात डागाच्या रुंदीपेक्षा ही खोली महत्त्वाची, १९७० मध्ये ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरनं हे दाखवून दिलं म्हणून त्याचं नाव. एक मिलिमीटरच्या आत असता तर मी दोन ओळींत पत्र संपवलं असतं. २.८ आणि वर व्रण, म्हणजे डागावरची कातडी फुटलेली, म्हणून तारीख पुढं ढकलायची सोय नाही. पाय कापत नाहीत, हे आईंना माझ्या नावानं सांगा. डागाच्या कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर चांगली कातडी धरून खोलवर काढतात, आणि तिथं मांडीची कातडी किंवा शेजारचा मांसल भाग फिरवून लावतात. नखाखालचा रोग असेल तर कधी बोटाचं पेर जातं, टाचेच्या बाबतीत तसं काही नाही.

त्याच वेळी जांघेतली पहारेकरी गाठ काढून तपासायची असते. जांघेत बारीक लसिका गाठी सगळ्यांनाच असतात, हाताला लागत नाहीत. टाचेतून निघालेला रोग वर चढताना त्यांतल्या ज्या गाठीत पहिल्यांदा थांबेल ती ही. डागाजवळ निळं औषध किंवा किरणोत्सारी द्रव टोचतात, तो ज्या गाठीत आधी पोचतो ती काढतात. निळं टोचलं तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होईल. आधी सांगून ठेवा, नाहीतर आई अर्ध्या रात्री वॉर्ड डोक्यावर घेतील. ‘ही तपासणी आमच्या आईची होणार आहे का?’ हे ऑपरेशनच्या आधी विचारा, कारण टाचेचं काम एकदा झालं की मग ती गाठ नीट सापडत नाही. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितेय.

समजा त्या गाठीत रोग निघाला. पूर्वी मग जांघेतल्या सगळ्या गाठी साफ करायचे, मी स्वतः अशा ऑपरेशनांत उभी राहिलेय. २०१७ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. पहारेकरी गाठीत रोग सापडलेल्यांपैकी निम्म्यांच्या उरलेल्या गाठी काढल्या, निम्म्यांवर सोनोग्राफीनं नुसती नजर ठेवली. तीन वर्षांनी मेलॅनोमानं जाणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. पण गाठी काढलेल्यांपैकी २४ टक्क्यांचा हात किंवा पाय सुजला, नजर ठेवलेल्यांत फक्त ६ टक्क्यांचा. आपण हत्तीपायाच्या मुलखातली माणसं, ती सूज घेऊन वावरात जाणं काय असतं हे मला सांगायची गरज नाही. म्हणून कोणी ‘सगळ्या गाठी काढू’ म्हटलं तर नम्रपणे विचारा, की सोनोग्राफीवर नजर ठेवली तर चालेल का. हाताला लागणारी गाठ असती तर गोष्ट वेगळी होती. तशा रुग्णांत आधी इम्युनोथेरपी, मग ऑपरेशन हा क्रम सरस ठरतोय. २०२४ च्या एका चाचणीत आधी औषध दिलेल्या शंभरातल्या ८४ जणांचा रोग वर्षभरात उलटला नाही, आधी ऑपरेशन केलेल्यांत ५७ जणांचा. गाठ जागेवर असताना औषध दिलं तर राखणदारांना शिकायला नमुना मिळतो, असं त्यामागचं गणित. तुमच्याकडे तो प्रश्न आज नाही.

यवतमाळच्या ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथं जाऊन दोन वस्तू मागा, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. ब्लॉक म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान पांढरी वडी, तिच्यात आईंच्या डागाचा तुकडा रुतवून ठेवलेला असतो. पावती लिहून देतात. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळेल. नागपूरच्या डॉक्टरांना तो द्या आणि विचारा, बीरॅफ आणि किट या दोन जनुकांची तपासणी करायची का, आणि कधी. गोऱ्यांच्या मेलॅनोमात बीरॅफचा बदल जवळजवळ निम्म्यांत सापडतो, अ‍ॅक्रलमध्ये कमी. किटचा मात्र अ‍ॅक्रलच्या काही रुग्णांत असतो. पुढं कधी रोग पसरलाच, तर किट बदललेल्यांपैकी चार-पाचात एकाच्या गाठी इमॅटिनिब या गोळीनं लहान होतात. ही तीच रक्ताच्या कॅन्सरची गोळी, जिच्या पेटंटचा खटला आपल्या सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये कंपनीच्या विरोधात निकाली काढला. म्हणून ती आपल्याकडे स्वस्तात मिळते. आज आईंना तिची गरज नाही. पण ब्लॉक हरवला तर उद्या पुन्हा तुकडा काढावा लागेल.

पैशाचं. ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाहा, शिधापत्रिका आणि आधार घेऊन दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. महागडी इम्युनोथेरपी त्यात बसेलच असं धरून चालू नका, नेमकं काय बसतं ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. ऑपरेशनच्या रिपोर्टानंतर डॉक्टर म्हणतीलही, रोग उलटू नये म्हणून वर्षभर इम्युनोथेरपी देऊ. तेव्हा तीन गोष्टी विचारा: अ‍ॅक्रल मेलॅनोमात याचा फायदा किती, एकूण खर्च किती, आणि न घेता नुसती तपासणी ठेवली तर काय. उत्तर ऐकून नको म्हणालात तर तुम्ही आईचे वैरी होत नाही. तेव्हा वाटलं तर एकदा मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं मत घ्या. नुसते रिपोर्ट आणि ब्लॉक घेऊन तुम्ही एकटे गेलात तरी चालतं, आईंना वर्ध्याहून रात्रभर गाडीत बसवायची गरज नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं, की निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, केमोच्या जोडीला दिला तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. पण तो अभ्यास तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा, आपल्या तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांचा म्हणा ना. मेलॅनोमात तसं सिद्ध झालेलं नाही, तरी डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पेशींच्या उपचाराबद्दलही तुमचा भाऊ लवकरच काहीतरी पाठवेल. गाठीतल्याच राखणदार पेशी काढून, वाढवून परत देतात. दहातल्या तिघांच्या गाठी लहान होतात. किंमत पाच लाख डॉलरच्या वर. वाचा आणि सोडून द्या.

घरातल्या बाकीच्यांनी एकदा पाय धुऊन, उजेडात, तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहून घ्याव्यात. घाबरायचं म्हणून नाही, आयतं निमित्त आहे म्हणून. वाढणारा काळा डाग, दोन महिन्यांत न भरलेली जखम, बरी न होणारी भोवरी, एकाच नखावरचा रुंद होत जाणारा पट्टा, यातलं काही दिसलं तर बिब्ब्याकडे न जाता त्वचारोगाच्या डॉक्टरकडे. आईंचं पाहणं मात्र आता कायमचं. दर तीन-चार महिन्यांनी दोन्ही तळपाय आणि जांघ दाखवायची, निदान पहिली काही वर्षं.

वावर विकू नका हे आई म्हणाल्या त्याबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. आज त्यांचं बरोबर आहे. मुंबईचंही बरोबर आहे. नागपूरला मात्र जावंच लागेल, आणि हे त्यांच्यापाशी बसून, ताटात ताट घालून जेवताना सांगा.

टाचेवर लावलेली कातडी धरायला वेळ लागतो. काही आठवडे त्यांना तो पाय टेकू देणार नाहीत, नंतरही बेतानं. नेमकी तेव्हा कापसाची पहिली वेचणी आलेली असेल आणि तुमच्या आई घरात बसणाऱ्यातल्या वाटत नाहीत. वेचायला बाया आत्ताच सांगून ठेवा, आणि परसाकडे जायला घरात खुर्चीची सोय करून घ्या.